ठाणेदार

आर्वीच्या पहिल्या गाडीनं ब्रेड येतो.
कंडक्टर दारातूनच फेकतो, हबीबभाई छातीवर झेलतात,
त्यामुळे आमच्या गावातल्या ब्रेडला
एका बाजूनं कायम पोचा.

पाचला गावाचा नळ सोडला, सातला बंद केला,
येताना एक पुडा घेऊन आलो.
कौतिका अमरावतीला, पोरीच्या बाळंतपणाला,
दवाखाना तिकडचा म्हणून.
महिना होत आला.
पोळी मला येत नाही असं नाही,
पण एका माणसासाठी परात धुवायची
जिवावर येतं.

काल कर होती.
शेषरावकडून रात्री गंज आला, वर ताट झाकलेलं.
रस्सा रात्रीच संपला.
चार बोट्या उरल्या त्या आता पाण्यातून काढल्या,
बोटांनी सोडवत बसलो.
हे मांस कोंबडीसारखं सुटत नाही,
लांब लांब दोरे निघतात
पऱ्हाटीच्या सालीसारखे.

शेषरावनं कुठल्याशा मेळाव्यातून
टर्कीची चार पिल्लं आणली होती.
तीन पहिल्याच थंडीत गेली.
चौथं वाढलं, मग वाढतच गेलं.
निळं डोकं, गळ्याला लाल लोंबतं कातडं, फुगवलेली छाती;
ते गल्लीत असलं की सायकलवाल्यानं उतरून जायचं.
नाव कौतिकानंच ठेवलं, ठाणेदार.
तिच्या हातची तांदळाची कणी खायचा,
माझ्या चपलेला चोच मारायचा.
आणि एक खोड होती त्याला:
कोणाच्याही घरी कुकरची शिट्टी झाली
की ह्यानं उत्तर द्यायचं.
घशात बुधली उपडी केल्यासारखं, गुळगुळगुळ.
पाहुण्यांना वाटे, कोणीतरी भांडतंय.

जवसाची चटणी तेलात कालवली,
एका तुकड्याला लावली, दुसरा कोराच.
भेदरं कापलं, जाड झालं.
कांदा कापला, सांबार काड्यांसकट ठेवला,
त्यावर ते दोरे, त्यावर मीठ.
तव्यावर ठेवून वर वरवंटा दिला दाबायला.
दुसऱ्या शेगडीवर संध्याकाळची डाळ चढवून ठेवली होती.

फोन वाजला.
"काय करून राह्यले?"
"सँडविच."
"बाप्पा! कायचं?"

मी तव्याकडं पाहिलं.
"भेदराचं."

ती हसली खूप वेळ.
मग बाळाचं सांगत बसली,
रात्री कितीदा उठलं, शी हिरवी होते,
कान माझ्यावर गेलेत म्हणे,
तेवढ्यात कुकरनं शिट्टी दिली.

आम्ही दोघंही थांबलो.
सवयीनंच.
तिकडं बाळाचं कुंथणं ऐकू येत होतं,
पंख्याचा कर्र कर्र.
इकडं शेषरावच्या अंगणात
कोणीतरी बादली सरकवली.

"बोलला नाही तो?"
"वावराकडं गेला असन."
"येवढ्या सकाळी?"

करपल्याचा वास आला. वरवंटा उचलला.
पोच्याची बाजू काळी झाली होती.

"काल कर होती ना," ती म्हणाली.
"हो."

मग ती काही बोलली नाही,
मीही नाही.
फोनवर पैसे उगाच जात होते पूर्वी,
आता तेही जात नाहीत, त्यामुळे कोणीच ठेवत नाही.

"जवस लावलं काय?"
"लावलं."
"मंग खा. थंडं होईन."

उभ्यानंच खाल्लं, ओट्याशी.
मीठ कमी पडलं होतं.
चांगलं झालं होतं पण, खोटं कशाला बोलू,
जवसाचं तेल मनगटापर्यंत ओघळलं.
कुकर परत फुरफुरायला लागला,
तेव्हा दुसरी शिट्टी व्हायच्या आत
हात लांब करून गॅस बंद केला.

संध्याकाळी डाळ दाताखाली आली.